डाव्या तोंडाची कणीक

मित्रांनो, हे लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. सुरुवात केली आणि सोडून दिली, पुन्हा केली, पुन्हा सोडली. मृदंगाने आपलं चांगलं तेवढं सांगावं. कुठे कुठे वाजलो, कशा टाळ्या पडल्या, कोणाचे पाय थिरकले. लाजेची गोष्ट कशाला उकरायची?

पण परवा मंडळात एका नव्या पोराने विचारलं, "ह्याचं डावं तोंड नवीन कसं?" आणि दुसरा बेधडक म्हणाला, "उन्हाने फुटलेला ना मागच्या वर्षी." बाकीचे गप्प बसले. मीही गप्प बसलो. रात्रभर मला ते टोचत राहिलं. उन्हाचा दोष होता, पण अर्धाच. उरलेला अर्धा कोणीतरी सांगायला हवा.

मी एक मृदंग आहे. फार पुरातन नाही आणि नवाही नाही. माझं अंग फणसाच्या लाकडाचं. राजापूरकडे कुणाच्या तरी परसातला तो फणस वादळात आडवा झाला, त्याचा एक ओंडका फिरत फिरत संगमेश्वरला भागोजीबाबांच्या ओटीवर आला. भागोजीबाबांनी मला आतून पोखरलं, दोन्ही तोंडांना चामडं चढवलं, ते ताणायला चामड्याच्या वाद्या ओढल्या. उजव्या तोंडावर काळी शाई घोटून घोटून बसवली. डावं तोंड मात्र कोरंच ठेवलं. मला वाटलं, म्हातारा विसरला.

विसरला नव्हता. मला न्यायला आले होते ते गंगाराम तांडेल. त्यांच्या हातात मला देताना भागोजीबाबा म्हणाले, "ह्येचा उजवा तोंड बोलायला आणि डावा जेवायला. भिजवलेली कणीक थापलीस तर घुमेल. नाय थापलीस तर नुसता खोका. आणि वाजवून झाला की तोंड पुसायचा ह्येचा. कणीक ऱ्हायली तर उंदीर चामड्यासकट खाऊन टाकील."

"म्हणजे पोरासारखाच की," गंगारामकाका म्हणाले. "भरवायचा आणि पुसायचा."

"पोर बरा. ता मोठा तरी होतो."

असा मी खाडीकाठच्या आमच्या वाडीत आलो.

आमच्या वाडीत सगळे होडीवाले. कोणी मासे मारतं, कोणी विकतं, कोणी होड्या दुरुस्त करतं. आणि त्यातलेच दहा-पंधरा जण मिळून नमन करतात. ज्यांनी नमन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आधी धरतीला, पाण्याला, ग्रामदेवतेला, जमलेल्या माणसांना गाऊन नमस्कार. मग गणपती येतो, गवळणी येतात, त्यांची ती चावट मावशी येते, काळा संकासुर येतो आणि शेवटी एखादं नाटक. या सगळ्याच्या खाली मी. माझा ठेका नसेल तर गणपतीसुद्धा पाऊल टाकत नाही.

गंगारामकाकांच्या घरी एक पद्धत होती. कार्यक्रमाच्या दिवशी कणीक मळायची ती त्यांच्या बायकोने, मालनकाकीने. एक मूठ. चपातीच्या कणकेपेक्षा सैल, भज्याच्या पिठापेक्षा घट्ट, आणि मीठ अजिबात नाही. ती स्टीलच्या एका लहान डब्यात भरायची. डब्याचं झाकण एका बाजूला चेपलेलं होतं, कधीतरी जेटीवर पडलं होतं म्हणे. तो डबा माझ्याच पिशवीत, माझ्या पोटाला टेकून यायचा. माझा पहिला मित्र तो. वाटेत तो माझ्यावर आपटायचा, मी हळूच घुमायचो, असं आमचं बोलणं चालायचं.

कार्यक्रम संपला की काका बोटाने कणीक खरवडून काढायचे, पुन्हा डब्यात भरायचे. ती उकिरड्यावर टाकायची नाही. घरी परतताना खाडीत सोडायची. काका म्हणायचे, "ह्याचं पोट भरलं. आता ज्यांच्यावर आपलं पोट भरतं त्यांना."

मालनकाकी कधी मंचावर आली नाही. तिच्या काळात बायका नमनात नव्हत्याच, गवळणीसुद्धा मिशा काढलेले बाप्ये व्हायचे. पण गावोगावी मी घुमायचो तेव्हा त्या घुमण्यात तिची मूठ असायची. तिला ते माहीत होतं. मला माहीत होतं. बाकी कोणी त्याचा विचार करत असेल असं वाटत नाही.

पुढे काका आजारी पडले आणि गेले. त्या वर्षी आमच्या वाडीने शिमग्याला नमन केलं नाही. मी माळ्यावर उताणा पडून होतो. वर्ष सरल्यावर काकांचा पुतण्या रूपेश शिडी चढून वर आला, माझ्यावरची धूळ फुंकली आणि मला खाली घेऊन गेला. काकी दारातच उभी होती. तिने त्याच्या हातात डबा दिला. रूपेशने तो माझ्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी माझा आवाज असा काही लागला की नमनाचे मुख्य गायक रघूदादा गाता गाता एक ओळ चुकले. नंतर म्हणाले, "मेल्या, मला वाटलं गंगारामच बसलाय मागे."

काकी मात्र काका गेल्यापासून एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. डबा तेवढा न चुकता यायचा.

रूपेश लोट्याला एका कारखान्यात कामाला. आठवडाभर तिकडे, शनिवारी पाळी सुटली की गाडी पकडून घरी. पूर्वी नमन म्हणजे शिमगा आणि एखादी पूजा. आता तसं राहिलं नाही, मित्रांनो. आता शनिवार-रविवार आले की कुठे ना कुठे महोत्सव असतो. कुठे समुद्रकिनारी खाद्यमहोत्सव, कुठे पर्यटकांसाठी लोककला, कुठे शाळेच्या मैदानात दोन दिवसांचा कलामेळा. एका बाजूला सोलकढीचे स्टॉल, दुसऱ्या बाजूला आम्ही. आम्हाला बोलावणी येऊ लागली. वर्तमानपत्रात फोटोही आला. त्यात रूपेश होता, अर्धवट मी होतो, डबा नव्हता.

मला आवडायचं हं ते सगळं. दिवे, माइक, मोबाइल वर करून उभी असलेली माणसं. माझ्यापुढेच एक माइक लावायचे. मी ऐटीत असायचो.

मग तो शनिवार आला. किनाऱ्यावरचा कलामेळा, संध्याकाळची वेळ, पुढे खुर्च्यांवर पुण्या-मुंबईची मंडळी. रूपेश मंचावर बसला, मला मांडीशी घेतलं, डबा उघडला आणि माझ्या डाव्या तोंडावर कणीक थापायला लागला. निवेदन करणारी मुलगी रत्नागिरीहून आली होती, मृणाली नाव तिचं. ती सहज पुढे आली आणि माइकमध्ये म्हणाली, "अरे वा, दादा. चपात्या इथेच लाटणार का? आम्हालाही द्या दोन."

वाईट हेतू नव्हता तिचा. वेळ मारून न्यायची होती बिचारीला. पण सगळं मैदान हसलं. रूपेशची बोटं कणकेत अडकली होती, तो तसाच बघत राहिला. मग तोही हसला. ते हसणं मला कसंतरीच वाटलं, फुटक्या घुंगरासारखं.

कोणीतरी त्याचं चित्रण केलं होतं. सोमवारपर्यंत ते कारखान्याच्या गाडीत पोचलं. तेव्हापासून रूपेश गाडीत चढला की मागून आवाज यायचा.

"आला, आला आचारी."

"रूपेश, आज डब्याला काय? मृदंग का?"

"त्याला नको विचारू, त्याची कणीक आंबली असेल."

हे मला कसं कळलं? शनिवारी त्याने माझ्यासमोरच हितेशला सांगितलं. हितेश म्हणजे रूपेशचा शाळेपासूनचा दोस्त. नमनात झांज वाजवतो, एरवी होड्यांना फायबर, म्हणजे सुकून टणक होणारा रेझिनचा थर, मारायचं काम करतो. सांगताना रूपेश हसत होता. पण माझी वादी त्याच्या बोटात होती आणि तो ती उगाच ओढत, सोडत होता.

त्यानंतर कणीक लपायला लागली. आधी तो लोकांकडे पाठ करून थापायचा. मग पडद्यामागे थापून यायला लागला. पण आमचा क्रमांक येईपर्यंत दिव्यांच्या उष्णतेने कणीक सुकायची, पोपडे धरायची, आणि ऐन गणपतीच्या वेळी माझं घुमणं बसायचं. रघूदादा वैतागले. "अरे, ह्याच्या घशाला काय झालंय?"

त्यावर हितेशने तोडगा काढला. दुसरा कोणी असता तर त्याच्या डोक्यात हे आलंही नसतं. पण आमच्या वाडीत होडी फुटली, फायबर मार. टाकी गळली, फायबर मार. देवळाच्या पन्हळीलासुद्धा हितेशने फायबरच मारलंय.

"कणकेचं काम काय? वजन देणं," हितेश म्हणाला. "मग मी तेवढाच गोल रेझिनचा थापतो. सुकवायचा हार्डनर अगदी थेंबभर टाकतो म्हणजे मऊ ऱ्हाईल. एकदा लावला की आयुष्याची चिंता नाय. मळायला नको, खरवडायला नको, कोण हसायला नको."

"फाटणार नाय ना?"

"तुझ्या काकांची होडी फाटली काय मी मारल्यापासून?"

"ती होडी हाय, हित्या."

"हा पण पाण्यात जात नाय म्हणजे अजून सोपा."

शनिवारी संध्याकाळी जेटीजवळच्या शेडमध्ये त्यांनी मला आडवं केलं. माझं डावं तोंड पुसलं आणि त्यावर ते चिकट, उग्र वासाचं गोल थापलं. तासाभराने रूपेशने हात मारला आणि काय सांगू, मी घुमलो. अगदी तसाच, कणकेसारखाच. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. हितेश म्हणाला, "मानलंस?" ते अजून ओलं होतं, मित्रांनो. म्हणून घुमत होतं. हे त्या क्षणी त्या दोघांना कळलं नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. किनाऱ्यावर तालुक्याच्या मोठ्या महोत्सवात आमचं नमन होतं. निघताना रूपेश काकीच्या दारासमोरून जाणार नव्हता, गाडी वळवून घेणार होता. पण काकीच वाटेत उभी. नवीन लुगडं नेसलेली. हातात डबा.

"मी पण येतंय," ती म्हणाली. "टेम्पोत जागा हाय ना?"

रूपेशने माझी पिशवी मागे सरकवली. "काकी, तू? आज?"

"इतकी वर्षं कणीक मळतंय, आवाज कसा लागतो ता तरी ऐकू दे. घरात बसून मला काय फक्त कुकर ऐकू येतो." मग डबा पुढे करत म्हणाली, "घट्ट झाली काय बग. डोळं नीट दिसत नाय आता."

त्याने डबा उघडला नाही. "बरोबर हाय," म्हणाला आणि माझ्या पिशवीत ठेवून दिला. डबा माझ्या पोटाला टेकला. वाटेत टेम्पो आदळला, तो माझ्यावर आपटला, आणि मी नेहमीसारखा घुमलो नाही. टक् असा आवाज आला. मी टेम्पोच्या वरच्या जाळीत, डोक्यावर दुपारचं ऊन. माझं डावं तोंड आवळत चाललं होतं. कोणीतरी आतून मूठ मिटत जावी तसं.

संध्याकाळी आमचा क्रमांक आला. काकीला तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली होती. पदर सावरून, मान थोडी वाकडी करून ती बसली होती, एक कान मंचाकडे. तिचा तो कान मला दिव्यांमधूनही दिसत होता.

रघूदादांनी हात जोडले, सूर लावला. रूपेशने पहिली थाप मारली.

टॉक.

जसा प्लास्टिकच्या पिंपावर कोणी बोट वाजवावं. रघूदादांनी गाता गाता मागे पाहिलं. रूपेशने जोर लावला. टॉक. अजून जोर लावला. आणि तिसऱ्या की चौथ्या थापेला त्या टणक गोलाच्या कडेने माझं चामडं उकललं. एक लांब, फाटका आवाज माइकमधून सगळ्या मैदानावर गेला. माझ्या आत हवा शिरली. मी मुका झालो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागे कुठेतरी भज्यांच्या कढईचा आवाज ऐकू यायला लागला. निवेदक म्हणाला, "थोडा तांत्रिक बिघाड झालेला आहे."

पण सुरू झालेलं नमन मध्येच मोडायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. रघूदादांनी हितेशकडे पाहिलं. त्याने नुसत्या झांजेवर ठेका धरला आणि त्या किनऱ्या आवाजावर रघूदादांनी धरतीला, पाण्याला, देवीला, माणसांना नमस्कार पुरा केला. रूपेश मला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते माझ्या फाटक्या तोंडावर ठेवले. झाकल्यासारखे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर बोलतात ना, तशा त्या टाळ्या होत्या.

पडद्यामागे काकी आली. तिने मला उचललं नाही, नुसतं वाकून पाहिलं. नखाने तो गोल वाजवून पाहिला.

"ह्ये काय रे लावलंव?"

हितेशच पुढे झाला. "काकी, फायबर. माझीच अक्कल. रूपेशला नको बोलू."

"होडीला लावायचा ता ह्येच्या तोंडात घातलंव?"

गणपतीचं सोंग घेतलेला पोरगा सोंड वर करून बघत होता, त्याला रघूदादांनी हळूच बाजूला नेलं.

"आणि माझा डबा?" काकीने विचारलं.

रूपेशने पिशवीतून डबा काढून दिला. तिने झाकण उघडलं. कणीक जशीच्या तशी होती. वर साय धरावी तशी सुकलेली, आणि मध्ये तिच्या बोटांचे ठसे. काकी त्या ठशांकडे पाहत राहिली.

"लाज वाटत होती तर तसा सांगायचास, बाबू," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मी भरलाच नसता."

काकी मग एकटीच किनाऱ्यावर गेली. आम्हाला लांबून दिसत होती. पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी राहून तिने कणीक सोडली, डबा विसळला आणि परत आली. टेम्पोत डबा तिने माझ्या पिशवीत ठेवला नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवला.

त्यानंतर मी पुन्हा माळ्यावर, पण आता रूपेशच्या घरच्या. यावेळी धुळीचं काही वाटत नव्हतं, मला त्या तोंडातल्या गोलाचं वाटत होतं. माणसं आपल्या माणसाला लपवतात तेव्हा त्या लपवलेल्याला काय वाटतं, ते मला माहीत आहे, कारण मीही त्या दिव्यांपुढे असताना मनातून म्हणालो होतो, बरं झालं, आज तो डबा दिसणार नाही. त्या डब्याने मला इतकी वर्षं भरवलं. उंदीर यायचे, हुंगायचे आणि निघून जायचे. त्यांच्या खाण्यासारखं माझ्यात काही उरलं नव्हतं.

खालून आवाज यायचे. मंडळाने कुठून तरी ऑक्टोपॅड, ते विजेवरचं तालवाद्य, आणलं होतं. एक बटण दाबून काठी मारली की ढोल, दुसरं दाबून मारली की मृदंग. रघूदादांचं मत होतं, "आवाज चांगला हाय, पण त्याच्याकडे बघून गाता येत नाय." रूपेश शनिवारी घरी येईनासा झाला. जादा पाळी घेतो म्हणायचा.

एका शनिवारी मात्र शिडी वाजली. रूपेशने मला खाली काढलं, चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला. बाजूच्या बाईने विचारलं, "पोर आजारी हाय काय?" तो म्हणाला, "होय."

भागोजीबाबा आता थकले होते, पण जीभ तशीच. चादर सोडून त्यांनी माझं तोंड पाहिलं, मग रूपेशचं. "होडी आणलीस की मृदंग? वल्ही कुठं ठेवलीस?"

रूपेशने सगळं सांगितलं. चपातीचं, गाडीतल्या पोरांचं, शेडचं. काही लपवलं नाही. भागोजीबाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हसतील त्यांना हसू दे. जेवताना सगळ्यांचाच तोंड वाकडा होतो." आणि जुनं चामडं कापायला घेतलं. दुखलं. पण तो गोल निघाला तेव्हा मला कित्येक दिवसांनी श्वास आला.

नवं डावं तोंड घेऊन आम्ही परत आलो ते थेट काकीच्या दारात. ती अंगण सारवत होती.

"काकी, उद्या देवळात नमन हाय. कणीक देशील?"

"घरात पीठ नाय."

आतून ताज्या चपात्यांचा वास येत होता. रूपेश मला घेऊन निघून आला. त्या रविवारी मी वाजलो नाही. मंडळाने ऑक्टोपॅड वाजवलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला. यावेळी त्याच्या हातात पिठाची पुडी होती.

"काकी, तू मळू नको. मला शिकव."

काकीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सरकून जागा दिली. त्याने परातीत पीठ ओतलं, पाणी ओतलं, आणि कोपरापर्यंत बरबटला.

"ह्येची भजी तळ आता," काकी म्हणाली. "कारखान्यात असाच माल काढतंव तुम्ही?"

"जास्त झालं काय पाणी?"

"नाय, खाडी येवढाच हाय." तिने चिमूटभर पीठ भुरभुरवलं. "अंगठ्याने दाब. अंगठा बाहेर आला पायजे, पण उशिरा. तुझ्या काकांना पण मीच शिकवलंय, तरी मळायची मीच. लोकांना वाटायचा, तेच मळतात."

"त्यांना लाज नाय वाटायची?"

काकीने परातीतली कणीक उलटवली. "सुरवातीला वाटायची की. पिशवीखाली झाकून न्यायचे डबा." मग हसली. "झाकण चेपलाय ना, ता असाच. कोणतरी आला म्हणून घाईघाईत जेटीवर लपवायला गेले आणि पाडला."

इतकी वर्षं तो डबा माझा मित्र, आणि ते चेपलेलं झाकण कशाचं आहे, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारनंतर, देवळासमोरच्या मांडवात आमचं नमन होतं. शनिवार-रविवारचे पर्यटक होतेच, शिवाय लोट्याहून रूपेशच्या गाडीतले दोघे मुद्दाम आले होते. ऑक्टोपॅड कापडाखाली बाजूला होतं. काकी पहिल्या रांगेत. रूपेश मांडवाच्या मधोमध बसला, लोकांकडे तोंड करून, आणि डबा सगळ्यांसमोर ठेवला. चेपलेलं झाकण उघडलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "आचारी बसला रे."

हशा झाला. थोडाच, पण झाला. रूपेशचे कान लालबुंद झाले. मला त्याच्या बोटांतून कळत होतं, लाज काही गेलेली नव्हती. ती तिथेच होती, कणकेइतकीच ओली. पण हात थांबला नाही. त्याने माझं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, कणीक ठेवली, कडेने दाबत दाबत गोल बसवली. नीट, सावकाश, कोणाला बघायचं असेल त्याला दिसेल अशी. मग तो त्या गाडीतल्या दोघांकडे बघून म्हणाला, "होय. हा जेवल्याशिवाय बोलत नाय. थांबा जरा."

आणि पहिली थाप मारली.

मी काय सांगू? मी घुमलो. मांडवाच्या खांबांत शिरलो, बायकांच्या बांगड्यांत शिरलो. रघूदादांनी डोळे मिटले. काकीने मान वाकडी करून एक कान पुढे केला होता. गवळणी आल्या, मावशी आली, हसणारे ते दोघेही हसत होते, पण आता मावशीला. काकी मात्र शेवटपर्यंत हसली नाही. नुसता तिचा अंगठा मांडीवर माझ्याबरोबर हलत होता.

संपल्यावर रूपेशने कणीक खरवडली. काकी आणि तो दोघे मिळून खाडीवर गेले. मला सोबत नेलं नाही, ते बरोबरच होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काहीतरी असेल. चारचौघांत बाहेर काढायला लाज वाटते असं. एखादं वाद्य, एखादी बोली, डब्यातली एखादी भाजी. लाज वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. पण ते झाकायला काही भलतंच थापू नका. आणि आधी एवढं बघा की तो डबा कोणी भरलाय.

काकीने रिकामा, धुतलेला डबा पुन्हा माझ्या पिशवीत ठेवला. घरी जाताना वाट खडबडीत होती, आणि तो माझ्या पोटावर आपटला. मी हळूच घुमलो. इतक्या दिवसांनी काय बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी मी त्याला म्हटलं, "झालं ते झालं, असं मी म्हणणार नाही. पण एक शब्द देतो. यापुढे तुझं झाकण सगळ्यांसमोर उघडल्याशिवाय मी वाजणार नाही."